पोटाच्या कार्यात्मक तक्रारी आणि कोरियन वैद्यक

एंडोस्कोपी, सोनोग्राफी, रक्ततपासणी, सर्व अहवाल निर्दोष. तरीही दोन घासांतच पोट भरते, जेवणानंतर जडपणा तासन् तास जात नाही. रचनेत दोष नसून कार्यात बिघाड असलेल्या या विकारास कार्यात्मक अपचन म्हणतात. अशा रुग्णाचे ‘तुम्हांला काही झालेले नाही’ एवढ्या उत्तराने समाधान होत नाही, हे प्रशासनाच्या मेजावरूनही आम्हांस दिसते. म्हणून दक्षिण कोरियातील पद्धतीचा परिचय येथे करून देत आहोत.

अन्न ‘अडकण्याची’ तक्रार तेथे इतकी नित्याची आहे, की तिला ‘छे’ असा स्वतंत्र शब्दच आहे. त्यावर घरातील वडीलधारी माणसे अंगठा दोऱ्याने बांधून सुईने टोचतात व थेंबभर रक्त काढतात. हा झाला घरगुती उपाय. शास्त्रीय परंपरा निराळी. राजवैद्य हो जुन यांचा १६१३ मध्ये मुद्रित झालेला ‘दोंगुई बोगाम’ हा तिचा प्रमुख ग्रंथ. २००९ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिवारशात त्याची नोंद केली. या परंपरेचे वैद्य नाडी व जीभ पाहतातच, शिवाय वरचे पोट बोटांनी दाबून काठिण्य आणि पाण्याचा खळखळाटही तपासतात. उपचारात गुडघ्याखालील ‘जोकसाम्नी’ बिंदूवर सुई टोचणे आणि ‘युकगुंजा-तांग’, म्हणजे ‘सहा सज्जनांचा काढा’, यांचा समावेश असतो. काढ्यात जिनसेंगबरोबर ज्येष्ठमध व संत्रावर्गीय फळाची साल असते.

आम्ही वाणिज्य शाखेचे. त्यामुळे लक्ष साहजिकच हिशेबाकडे गेले. तेथे सुईचा उपचार १९८७ पासून राष्ट्रीय आरोग्य विम्यात आहे. वैद्याने रुग्णागणिक बनविलेल्या काढ्यांसाठी मात्र नोव्हेंबर २०२० मध्ये, तेही मोजक्या विकारांपुरती, प्रायोगिक योजना सुरू झाली. कार्यात्मक अपचन तीत एप्रिल २०२४ मध्ये आले. ‘काही झालेले नाही’ असे ऐकणाऱ्या रुग्णाच्या दुखण्याची दखल अशा रीतीने खर्चाच्या खात्यात घेतली गेली, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. पुरावाही हळूहळू जमा होत आहे. चीनमध्ये २७८ रुग्णांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जेवणोत्तर जडपणावर खऱ्या सुईचा गुण नकली सुईपेक्षा अधिक आढळला.

मात्र वजन घटणे, काळी शौचास होणे, गिळण्यास त्रास, पंडुरोग यांपैकी काहीही असल्यास आधी एंडोस्कोपीच हवी. ज्येष्ठमधाच्या अतिसेवनाने रक्तदाब वाढतो, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी ध्यानात ठेवावे. तसेच वरच्या पोटातील दुखण्यासोबत घाम किंवा धाप असेल, तर ते अपचन न समजता तत्काळ हृदयतपासणी करून घ्यावी.