कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा : धोका आणि प्रतिबंध

उत्तर भारतात कडाक्याची थंडी पडली, की बंद खोलीत अंगीठी पेटवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या येऊ लागतात. शहरांमध्ये लहान, बंदिस्त न्हाणीघरात बसवलेला गॅस गीझर असाच जीवघेणा ठरतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे गॅस हीटर सुरू असलेल्या बंद खोलीत केरळमधील आठ पर्यटक दगावले. साधने वेगवेगळी असली, तरी या दुर्घटनांमागील कारण एकच आहे व ते म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायू.

विषबाधा कशी होते?

लाकूड, कोळसा, पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस अशा कार्बनयुक्त इंधनांना ज्वलनासाठी पुरेसा प्राणवायू मिळाला नाही, की ज्वलन अपूर्ण राहते व हा वायू तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी संयोग पावण्याची त्याची क्षमता प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आहे. या संयोगातून कार्बोक्सिहिमोग्लोबिन तयार होते आणि मेंदू व हृदय यांचा प्राणवायूचा पुरवठा घटतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ व अशक्तपणा ही सुरुवातीची लक्षणे होत. झोपेतील व्यक्तीला ती जाणवतही नाहीत.

प्रचलित गैरसमज

स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखता यावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळलेले असते. त्यामुळे विषारी वायूला वास येणारच, अशी समजूत रूढ झाली आहे. कार्बन मोनॉक्साइड मात्र रंगहीन व गंधहीन असतो. धूर ओसरल्यावर शेगडी घरात आणणे सुरक्षित असते, हाही भ्रमच होय. कारण धगधगत्या निखाऱ्यांतून धुराविनाही हा वायू बाहेर पडत राहतो.

मानकांची मर्यादा

२००९ च्या राष्ट्रीय परिवेशी हवा गुणवत्ता मानकांनुसार या वायूची मर्यादा आठ तासांच्या सरासरीसाठी प्रति घनमीटर २ मिलिग्रॅम, तर एका तासासाठी ४ मिलिग्रॅम आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकातही त्याचा समावेश आहे. तथापि ही मोजमापे बाहेरच्या हवेची आहेत. बंद खोलीतील हवेची दक्षता कुटुंबालाच घ्यावी लागते. म्हणूनच या प्रश्नात जनजागृतीला विशेष महत्त्व आहे.

प्रतिबंधक उपाय

* झोपण्याच्या खोलीत शेगडी, अंगीठी किंवा गॅस हीटर पेटता ठेवू नये.
* गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी बसवावा व त्याची नियमित तपासणी करून घ्यावी.
* जनरेटर घरात चालवू नये; बंद गॅरेजमध्ये वाहनाचे इंजिन सुरू ठेवू नये.
* गॅसची ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसल्यास किंवा भांड्यांवर काजळी धरल्यास बर्नर तपासून घ्यावा.
* शक्य असल्यास कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवावे.

तातडीचे उपचार

एकाच घरातील अनेकांचे डोके एकाच वेळी दुखू लागले व बाहेर येताच बरे वाटले, तर विषबाधेची शंका घ्यावी. बाधित व्यक्तीला त्वरित मोकळ्या हवेत आणून ११२ किंवा १०८ क्रमांकावर मदत मागवावी. मदतीस जाणाऱ्यानेही त्या खोलीत अधिक वेळ थांबू नये. साधा पल्स ऑक्सिमीटर कार्बोक्सिहिमोग्लोबिन वेगळे ओळखू शकत नाही, त्यामुळे त्यावरील समाधानकारक आकड्यावर विसंबू नये. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास सुमारे चार ते पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास हा काळ सुमारे एक ते दीड तासावर येतो. रुग्णालयात लवकर पोहोचणे म्हणूनच निर्णायक ठरते.

ही विषबाधा बहुतांशी टाळता येण्याजोगी आहे. थंडीच्या दिवसांत ग्रामसभा, शाळा आणि आशा कार्यकर्त्या यांच्यामार्फत हा संदेश घरोघरी पोहोचला, तर अनेक जीव वाचू शकतील.