परदेशी जाताना : मोबाईल कोणता, सिम कोणतं?



अक्कलकोटहून रेल्वेनं गाणगापूरला गेलेल्या जुन्या माणसांना रोमिंग शिकवावं लागत नाही. दुधनी स्टेशन मागं पडलं की कर्नाटकाची हद्द, आणि तिथून पुढं आलेला फोन उचलायलासुद्धा पैसे पडायचे. बीएसएनएलने १५ जून २०१५ पासून देशातलं इनकमिंग रोमिंग फुकट केलं, पुढं बाकीच्या कंपन्यांनीही केलं. परदेशात मात्र तोच हिशोब चालतो, फक्त आकडा मोठा. आपल्यापैकी काहीजण उद्या एम.एस.ला बाहेर जातील, म्हणून ही थोडी माहिती.

रोमिंग म्हणजे काय?

प्रत्येक सिममध्ये आयएमएसआय नावाचा एक क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे असतात. भारताचे ४०४ किंवा ४०५, जर्मनीचे २६२. परदेशातलं नेटवर्क ते वाचतं आणि आपल्या इथल्या कंपनीला विचारतं, हा गिऱ्हाईक तुमचाच ना? वडिलांनी अक्कलकोटहून फोन लावला तर कॉल आधी आपल्या कंपनीकडे जातो आणि तिथून परदेशात. हा दुसरा टप्पा आपल्या खात्यावर पडतो. म्हणून उचलणाऱ्याला पैसे!

फोन घेताना तीन गोष्टी बघा

१) बँड : फोन महाग आहे म्हणजे सगळीकडे चालेल असं नाही. आपल्याकडे ४जी मुख्यतः ३, ५, ८, ४० या बँडवर चालतं. युरोपात ३, ७, २० लागतात. अमेरिकेत २, ४, १२, १३, ६६, ७१. भारतासाठी बनवलेल्या फोनमध्ये यातले काही नसले तर शहरात रेंज मिळेल, पण बाहेर पडलं की गायब. मॉडेल नंबरवरून बँडची यादी तपासावी.

२) व्होल्टे : अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी ३जी २०२२ मध्ये बंद केलं, ऑस्ट्रेलियात ते २०२४ मध्ये बंद झालं. तिथं साधा कॉलसुद्धा ४जीवरून, म्हणजे व्होल्टेनं जातो. फोनला तिथल्या कंपनीचं व्होल्टे चालत नसेल तर इंटरनेट मिळेल पण कॉल लागणार नाही. *#०६# दाबून आयएमईआय नंबर घ्या आणि कंपनीच्या साइटवर तपासा.

३) लॉक : हप्त्यावर घेतलेले परदेशी फोन बऱ्याचदा एकाच कंपनीला बांधलेले असतात. अमेरिकेतून मामानं आणलेला फोन असेल तर अजून एक बघा. तिथल्या आयफोन १४ (२०२२) पासूनच्या मॉडेलना सिमचा कप्पाच नाही, फक्त ई-सिम चालतं.

दोन सिमचा उपाय

चार दिवसांसाठी जायचं तर आपल्याच सिमवर रोमिंग पॅक मारणं सोपं. शिकायला जायचं तर तिथलंच सिम घ्यावं आणि घरच्यांशी इंटरनेटवरून बोलावं. पण भारतातला नंबर सोडू नका. बँकेचं खातं, एज्युकेशन लोन, आधार, सगळं त्याच नंबराला जोडलेलं असतं. फी भरायच्या शेवटच्या दिवशी ओटीपी आला नाही तर पैसे खात्यात असूनही हात बांधलेले!

म्हणून भारतीय सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवा, त्याचं डेटा रोमिंग बंद करा, त्यावर आलेले कॉल उचलू नका. इंटरनॅशनल रोमिंग निघण्याआधीच चालू करून एसएमएस येण्याचे नियम विचारून घ्या. नंबर ९० दिवस वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर फक्त कॉल व एसएमएसचे, जास्त मुदतीचे पॅक आले आहेत. या कामाला ते पुरतात. रिचार्जची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आई विसरणार नाही.

आणि एक. घरचा नंबर +९१ लावून कागदावर लिहा व पाकिटात ठेवा. पहिल्या रात्री बॅटरी संपली तर कोणाच्याही फोनवरून अक्कलकोटला फोन लागतो. पण नंबर आठवला पाहिजे.