दवाखान्यातल्या दुखण्यांवर संशोधन का होत नाही?

प्रश्न : आमच्या सरकारी दवाखान्यात रोज गर्दी असते ती कंबरदुखी, ताप, चक्कर यांची. पेपरात मात्र रोबोटने केलेल्या ऑपरेशनच्या बातम्या. संशोधन कशावर करायचं हे ठरवतं तरी कोण?
– एक वाचक, औराद तालुका, जि. बिदर

उत्तर : बहुतेक वेळा ज्याच्याकडे खाटा आणि पैसा, तो. केर व्हाइट आणि सहकाऱ्यांनी 1961 साली इंग्लंड-अमेरिकेच्या आकड्यांवरून एक हिशेब मांडला होता. महिन्याभरात हजार प्रौढांपैकी 750 जणांना काहीतरी दुखतं-खुपतं, 250 डॉक्टरकडे जातात, 9 जण दाखल होतात आणि विद्यापीठाच्या मोठ्या इस्पितळात पोहोचतो फक्त एक. संशोधक असतो त्या एकाच्या उशाशी. बाकीच्यांची बोळवण गोळ्यांच्या पुडीवर.

पण याला छेद देणारं उदाहरण आपल्याच भाषेतलं आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचू चावलेली माणसं यायची आणि फुप्फुसांत पाणी होऊन दगावायची. पुस्तकात उपाय नव्हता. बावस्कर रोग्यापाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडलेले हातपाय यांच्या नोंदी करत राहिले. 1982 मध्ये त्यांचं निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी वापरली आणि मृत्यूचं प्रमाण एका टक्क्याच्या आसपास उतरलं. हा विषय त्यांना कुठल्या समितीने दिला नव्हता, दवाखान्याच्या दारातून तो रोज आत येत होता.

सगळेच विषय असे चालत येत नाहीत, हीच खरी मेख. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या, तेव्हा 92 टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले. त्याआधी कधी तशी तपासणी झाली होती जेमतेम 8 टक्क्यांची. 1989 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. तोवर बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढीच समजूत होती. अंगावरून पांढरं जाणं बायका अंगावरच काढत होत्या. ओपीडीच्या रजिस्टरात ‘कंबरदुखी’ एवढंच लिहिलं जातं. ती बाई नेमकं काय सांगायला आली होती, याला रकाना नसतो.

तुमच्या भागात आणखी एक घोळ आहे. कमलनगर-औरादचा माणूस उदगीर-लातूर गाठतो, आळंदचा सोलापूर, बिदरचा हैदराबाद. तपासण्यांचे कागद तीन राज्यांत विखुरतात, मग बिदर-कलबुर्गीच्या आकड्यांत ते दुखणं दिसणार कसं? तुरीवर फवारणी करून चक्कर आलेला गडी सलाईन लावून घरी जातो, तोही कशात मोजला जात नाही. सापाचं मात्र बरं झालं. कर्नाटकाने 2024 पासून सर्पदंशाची नोंद कळवणं बंधनकारक केलं. आता निदान मोजदाद तरी होईल.

इंग्लंडमध्ये 2004 पासून जेम्स लिंड अलायन्स नावाचा उपक्रम रोगी, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून संशोधनासाठी दहा प्रश्न निवडून घेतो. पद्धत चांगली, पण आपल्याकडे जशीच्या तशी चालेल असं मला वाटत नाही. भालकीत बैठक लावली तर खुर्चीवर तालुका अधिकारी बसणार आणि आशाताई दाराशी उभ्या. मराठी, कन्नड, दखनी, लंबाणी बोलणाऱ्यांपैकी कोणाचं बोलणं इतिवृत्तात उतरेल, तेही सांगता येत नाही. त्यापेक्षा आशाताईंना आणि तांड्यावरच्या बायकांना आधी वेगळं बसवून विचारावं. तेही तुरीच्या राशी उरकल्यावर, नाहीतर घरी सापडतील फक्त म्हातारी माणसं.

तुम्ही स्वतः काय करू शकता? एम.डी. करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो आणि विषय शोधताना त्यांची दमछाक होते. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात कम्युनिटी मेडिसिनच्या विभागप्रमुखांना कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत एक पत्र टाका : फवारणीनंतर चक्कर येते, अमुक गावांत, अमुक महिन्यांत. गावं आणि महिने नेमके लिहा.