हास्य कार्यक्रमाचा एक भाग वर्गात : आपण हसलो ते नेमकं कशाला?

इयत्ता : चौथी व पाचवी
विषय : मराठी
घटक : ऐकणे, बोलणे, परीक्षण लिहिणे



रात्री टीव्हीवर जे गाजतं ते सकाळी परिपाठाच्या आधी शाळेच्या पटांगणात ऐकायला मिळतं, हा तुमचाही अनुभव असेल. झी मराठीवर ऑगस्ट २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं. सोमवार-मंगळवार, रात्री साडेनऊ. मार्च २०२४ पर्यंत ते चाललं आणि २०२५ मध्ये नव्या निवेदकासह परत आलं. सोनी मराठीवर २०१८ पासून 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आहे. दोन्ही कार्यक्रम तसे मोठ्यांचे, वेळही रात्रीची. पण आपल्याकडं बहुतेक घरात टीव्ही ज्या खोलीत, त्याच खोलीत मूल झोपतं. आता तर मोबाईलवर पाच-पाच मिनिटांचे तुकडे दिवसभर फिरत असतात. म्हणजे "मुलांनी हे बघू नये" असं सांगून आपलं काम संपत नाही. मुलं बघतातच. मग बघितलेल्याचं काय करायचं, यावर आजचा पाठ आहे.

मुलांना "काल बघितलेल्या कार्यक्रमाबद्दल पाच ओळी लिहा" म्हटलं की काय येतं ते सांगायला नको. "कार्यक्रम खूप छान होता. मला खूप आवडला. मी खूप हसलो." तीन वाक्यांत वही बंद. या 'खूप हसलो'च्या पुढं मुलाला एक पाऊल नेणं म्हणजे परीक्षण शिकवणं. त्यासाठी एकच प्रश्न पुरतो : हसलास, पण कशाला हसलास?

आधी एका भागाची रचना फळ्यावर मांडून घ्यावी. 'चला हवा येऊ द्या'चा जुना कोणताही भाग घ्या, साचा ठरलेला. थुकरटवाडी नावाचं काल्पनिक गाव. निवेदक डॉ. निलेश साबळे पाहुण्यांना गावात बोलावतात. पाहुणे म्हणजे बहुतेक वेळा येऊ घातलेल्या सिनेमाची किंवा नाटकाची मंडळी. मग भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे, सागर कारंडे वेगवेगळी सोंगं घेऊन येतात, गाजलेल्या सिनेमाची नक्कल होते, आणि काही भागांत पोस्टमन पत्र घेऊन येतो. पाहुण्यांच्या सिनेमाची जाहिरात चालू असते तो वेळ मला तरी कंटाळवाणा वाटतो, आणि मुलंही तेवढ्यात पाणी पिऊन येतात. पण भाऊ कदम नुसते उभे राहिले, काही बोलायच्या आधी थांबले, की वर्ग हसायला लागतो. न बोलता हसवता येतं हे मुलांच्या लक्षात आणून द्यावं.

हा साचा नवा नाही हेही सांगावं. तमाशात गण-गौळण झाली की बतावणी, मग वग. त्यात सोंगाड्या असतो आणि पुरुषानं केलेली मावशी असते. साडी नेसलेला नट टीव्हीवर दिसतो त्याचं मूळ इकडं आहे. मुलांना घरी आजोबांना विचारून यायला सांगितलं, तर यात्रेतल्या तमाशाच्या आणि सोंगी भजनाच्या इतक्या आठवणी आल्या, की एक तास त्यातच गेला. गेला तर जाऊ द्या, तो तास वाया नव्हता.

आता मुख्य मुद्दा. या कार्यक्रमांत गावाकडची बोली सारखी ऐकू येते, पण ती दोन तऱ्हांनी येते. कधी बोलीत विनोद केलेला असतो, तर कधी बोलीवरच विनोद केलेला असतो. मोठ्यांनाही हा फरक पटकन कळत नाही. आपल्या गारगोटीच्या पोरांना तो कळायलाच पाहिजे, कारण थट्टा चाललेली असते ती त्यांच्या आईच्या बोलण्याची.

आपल्या कोल्हापूरकडं बायका आणि मुली स्वतःबद्दल बोलताना "मी येतो", "मी जेवलो", "मी जातो" असंच बोलतात. मीही घरी असंच बोलते. ती इथली रीत आहे, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. बाहेरच्या माणसाला ते ऐकून गंमत वाटते, आणि टीव्हीला तर अशी गंमत हवीच असते. आमच्या वर्गात डोंगराकडच्या वाडीवरून येणारी एक मुलगी होती. जून-जुलैत घडाघडा बोलायची, वर्गात सगळ्यांत आधी हिचा हात वर. एकदा ती म्हणाली, "बाई, मी पाणी पिऊन येतो." शहरातल्या शाळेतून आलेल्या एका मुलानं टीव्हीतल्या नटाच्या ढबीत ते वाक्य परत म्हणून दाखवलं आणि वर "तू मुलगा हाईस काय?" असं जोडलं. वर्ग हसला. त्या दिवसानंतर तिचा हात वर येणं बंद झालं. पाणी प्यायला जायचं तरी नुसती खूण करायची. वाचन चांगलं, गणित चांगलं, पण तोंड बंद.

तो मुलगा काही वाईट नव्हता. त्यानं रात्री बघितलेलंच सकाळी केलं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ढब मारून ते परत म्हणायचं, आजूबाजूच्यांनी हसायचं. म्हणून त्याला रागावण्याऐवजी सगळ्या वर्गालाच तो खेळ उलगडून दाखवायचं ठरवलं.

पहिला उपक्रम, वाक्य बदलून बघणे. मी स्वतः रचलेला एक छोटा प्रसंग फळ्यावर लिहिला. एसटीत बसलेला शहरी प्रवासी कंडक्टरला विचारतो, "ही गाडी गारगोटीला वेळेत पोहोचेल ना?" कंडक्टर म्हणतो, "पोचंल की. तुमी घाई करू नगा, गाडीला सांगतो मी." मुलं हसली. मग तेच उत्तर प्रमाणभाषेत लिहिलं : "पोहोचेल. आपण घाई करू नका, मी गाडीला सांगतो." मुलं परत हसली, जरा कमी, पण हसली. म्हणजे गंमत उत्तरात होती. मग दुसरं वाक्य घेतलं, एक बाई येते आणि म्हणते, "मी पाणी पितो." दोघं-तिघं हसले. तेच "मी पाणी पिते" असं लिहिलं. कोणीच हसलं नाही. फळ्याकडं बघत वर्ग एकदम गप्प झाला. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "मग आपण कशाला हसलो?" मला नेमका हाच प्रश्न त्यांच्याकडून यायला हवा होता.

ही परीक्षा दर वेळी इतकी सोपी उतरत नाही. "गपगार पडला" याचं "शांत झाला" केलं तर सगळी मजा जाते, पण तिथं कोणाची थट्टा नाही. तिथं बोली विनोदाला चव आणते, चटणीसारखी. मुलांना असे शब्द गोळा करायला सांगा, भरपूर आणतात. आणि हेही सांगा, की 'तुझ्यात जीव रंगला' मालिकेतल्या राणादाचं "चालतंय की" उभ्या महाराष्ट्रानं उचललं. ते आपल्याकडं त्याच्या आधीपासून चालतंयच की!

दुसरा प्रश्न : शेवटी शहाणा कोण ठरला? वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात दादा कोंडके हवालदार करायचे. राजाच्या गादीची हवा काढून घेतो तो हा गावरान बोलणारा हवालदार. बोलणं गावठी, पण डोकं त्याचंच चालतं. अमरावतीकडचे भारत गणेशपुरे चेहऱ्यावरची रेष न हलवता वऱ्हाडीत बोलतात, तेव्हाही तसंच होतं. हसू त्यांच्या वऱ्हाडीवर येत नाही, त्या वऱ्हाडीतून समोरच्याची जी फजिती होते त्यावर येतं. उलट काही स्किटमध्ये गावरान बोलणारा म्हणजे अडाणी, आणि शुद्ध बोलणारा म्हणजे हुशार, एवढंच भांडवल असतं. असं स्किट दुबळं असतं, लिहिणाऱ्याला पुढं काही सुचलं नाही म्हणून ते बोलीवर ढकललेलं असतं. मुलांनी परीक्षणात हे बिनधास्त लिहावं. जाड्या माणसाच्या पोटावरचे आणि काळ्या रंगावरचे विनोदही याच प्रश्नाला लावून बघता येतात.

तिसरा उपक्रम मुलांना सगळ्यांत जास्त आवडतो. आवाज बंद करून दोन मिनिटं भाग बघायचा आणि हसणारे चेहरे किती वेळा दाखवले ते मोजायचं. पाहुणे हसताना, प्रेक्षक हसताना, हास्यजत्रेत परीक्षक हसताना. मुलं बोटं मोडत मोजतात. एका गटानं लिहिलं, "विनोद झाला की लगेच हसणारा माणूस दाखवतात, म्हणजे आपल्याला पण हसू येतं." चौथीच्या मुलांना कॅमेऱ्याची ही युक्ती कळली, तर पुढं जाहिरातीही ती वेगळ्या नजरेनं बघतील.

मग पोस्टमनचं पत्र. सागर कारंडे पोस्टमन होऊन वाचायचे ती पत्रं अरविंद जगताप यांनी लिहिलेली. हसून हसून दमलेले लोक त्या पत्राला डोळे पुसतात. बोलणारा तोच, गावाकडचा साधा माणूस, पण कोणी हसत नाही. बोली ऐकून हसू येतंच असं नाही, हे इथं मुलांना आपोआप कळतं. याच जोडीला 'सैराट'चं उदाहरण द्यावं. एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या त्या सिनेमात आर्ची सोलापूरकडच्या बोलीत बोलते, ट्रॅक्टर चालवते, आणि थिएटरात तिच्या बोलण्याला कोणी नावं ठेवली नाहीत. अकलूजच्या रिंकू राजगुरूला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. (सिनेमा दाखवू नका, चौथीच्या वयाचा नाही. नुसतं सांगा.)

पालकांसाठी एक गोष्ट. २०२० मध्ये 'चला हवा येऊ द्या'च्या एका भागात राजर्षी शाहू महाराज आणि सयाजीराव गायकवाड यांच्या छायाचित्रात बदल करून ते वापरलं गेलं. संभाजीराजेंनी आक्षेप घेतला आणि कार्यक्रमाच्या वतीनं माफी मागितली गेली. आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना ते लागलं, लागणारच. पण रोज संध्याकाळी आपल्या घरातल्या आजीच्या बोलण्याची नक्कल टीव्हीवर चालते, तेव्हा आपण चहा घेत हसत असतो, आणि शेजारी बसलेलं पोर ते शिकत असतं. कार्यक्रम बंद करा असं मी म्हणत नाही. सोबत बसा, आणि अधूनमधून विचारा, "आत्ता का हसलास रे?" रागानं मात्र विचारू नका, नाहीतर पोरगं हसायचंच बंद करील.

वर्गात काय दाखवायचं ते आधी स्वतः पूर्ण बघून ठरवा. काही स्किटमध्ये दुहेरी अर्थाचे संवाद असतात, ते ऐन वेळी वर्गात निघाले तर पंचाईत. पाच ते सात मिनिटांचा तुकडा पुष्कळ झाला. शाळेत टीव्ही नसेल तर मोबाईलवर आवाज ऐकवूनही काम भागतं, फक्त तिसरा उपक्रम होत नाही.

त्या मुलीचं विचाराल, तर ती लगेच बोलायला लागली नाही. आधी शेजारणीच्या कानात, मग गटात. परीक्षण लिहायला दिलं तेव्हा तिनं लिहिलं, की स्किटमधल्या बाईला मालवणी नीट येत नव्हती, नुसता हेल काढत होती. "आमच्या आजीला बोलवलं आस्तं तर बरं झालं आस्तं." मी तिला ते मोठ्यानं वाचायला लावलं नाही. तिनंच पुढच्या आठवड्यात वाचून दाखवलं.

आता शिक्षक नेहमी विचारतात तो प्रश्न. चाचणीत मुलीनं "मी शाळेत जातो" लिहिलं तर गुण कापायचे का? आमच्याकडं फळ्याचे दोन भाग असतात, 'घरचं' आणि 'वहीतलं'. दोन्हीकडं वाक्य लिहायचं. घरच्या भागात "मी जातो", वहीच्या भागात "मी जाते". लेखी परीक्षेत वहीतलं लागतं हे मुलींना माहीत असतं, आणि पहिल्या सत्रापर्यंत बहुतेक जणी बिनचूक लिहितात. स्वाध्यायात चुकलं तर लाल शाईनं काट मारत नाही, बाजूला निळ्या शाईनं वहीतलं रूप लिहिते. तोंडी परीक्षेत मात्र "जातो" म्हटलं तरी पूर्ण गुण.