रिकाम्या जागेची विभक्ती : सामाईक अर्जसाचे आणि मराठी वाक्य

वेब ॲप्लिकेशनमध्ये अर्ज अनेक पानांवर येतो. नोंदणी, माहितीतील बदल, वर्गणी, तक्रार अशा प्रत्येक पानावर तीच चौकट, तिचे शीर्षक आणि चुकीची सूचना पुन्हा लिहिण्याऐवजी प्रोग्रामर त्यांचा एक साचा, म्हणजे टेम्प्लेट, तयार करतो आणि जेथे हवा तेथे तो बोलावतो. जँगो या फ्रेमवर्कच्या ५.० आवृत्तीपासून (डिसेंबर २०२३) शीर्षक, मदतीचा मजकूर, चौकट आणि चुकीची सूचना या चौघांचा एकत्रित साचा करण्याची सोय आहे. लाभ उघड आहे : सूचनेचा रंग बदलायचा असेल तर एकच फाइल उघडावी लागते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र या साच्यात बसवलेले मराठी वाक्य हा आहे.

वडोदऱ्याजवळील कोयली येथे रिफायनरीतील नोकरीच्या निमित्ताने स्थिरावलेली मराठी कुटुंबे आहेत. तेथील एका मंडळाच्या सदस्य-नोंदणीचे काम माझ्या एका माजी विद्यार्थ्याने केले आणि भाषा तपासण्यासाठी ते मला दाखवले. साच्यात दोन वाक्ये होती : ‘कृपया आपले — भरा’ आणि ‘—मध्ये चूक आहे’. रिकाम्या जागी प्रत्येक पान आपापला शब्द पाठवी. ‘नाव’ आले तेव्हा पहिले वाक्य बिनचूक ठरले. ‘पत्ता’ आला आणि पडद्यावर उमटले, ‘आपले पत्ता भरा’. जन्मतारखेच्या वेळी, ‘आपले जन्मतारीख भरा’. दुसऱ्या वाक्यात तर एकही शब्द बसेना. नाव, पत्ता, जन्मतारीख यांची नावामध्ये, पत्त्यामध्ये, जन्मतारखेमध्ये अशी रूपे व्हायला हवीत. साच्याने मूळ शब्दालाच ‘मध्ये’ चिकटवले होते.

इंग्रजीत नामाचे लिंग विशेषणाला बदलत नाही आणि शब्दयोगी अव्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होत नाही. त्यामुळे तेथे वाक्यातील रिकामी जागा कोणताही शब्द निमूटपणे स्वीकारते. मराठीत मात्र ती जागा शेजारच्या शब्दांशी लिंग, वचन आणि विभक्ती यांनी बांधलेली असते. गुजरातीचीही अडचण हीच : सरनामुं या शब्दाला प्रत्यय लागताच सरनामामां होते.

साचा ही आपल्याकडे नवी कल्पना नाही. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरीजमध्ये १९२५ साली चिमणलाल दलाल आणि गजानन श्रीगोंदेकर यांनी ‘लेखपद्धति’ हा संस्कृत ग्रंथ संपादित केला. मध्ययुगीन गुजरातेतील दस्तऐवज आणि पत्रे यांचे नमुने त्यात आहेत. अशा नमुन्यांत नावाच्या जागी येणारा शब्द म्हणजे ‘अमुक’. हा शब्द अमुकस्य, अमुकेन असा चालतो. म्हणजे जुन्या लेखकाची रिकामी जागादेखील विभक्तीसह असे. नक्कल करणाऱ्याला तेथे कोणते रूप हवे ते तिच्यावरूनच कळे. आजच्या साच्यातील जागेला हे रूप नाही, आणि दोष नेमका तेथे आहे.

त्यावर तीन उपाय आहेत. पहिला आणि उत्तम उपाय म्हणजे सांगाडा सामाईक ठेवावा, वाक्य सामाईक ठेवू नये. चौकट, क्रम आणि रंग साच्यात असावेत. ‘कृपया आपला पत्ता भरा’ हे पूर्ण वाक्य पत्त्याच्या व्याख्येतच लिहावे. जँगोमध्ये प्रत्येक क्षेत्राला स्वतःचा मदतमजकूर आणि स्वतःच्या चूक-सूचना देता येतात. व्याख्या एकदाच लिहायची असल्याने पुनरुक्तीही होत नाही. दुसरा उपाय, शब्द प्रथमेत सुटा ठेवून वाक्य दुसऱ्या नामाशी जोडावे : ‘पत्ता : ही माहिती आवश्यक आहे’. येथे ‘ही’चा संबंध ‘माहिती’शी आहे, म्हणून शीर्षक कोणतेही असले तरी वाक्य टिकते. तिसरा उपाय, जेथे वाक्यात शब्द घालणे टळतच नाही तेथे मूळ शब्दासोबत त्याचे लिंग, वचन आणि सामान्यरूपही साठवावे.

‘अर्थ कळतो ना, मग झाले’ असे यावर म्हटले जाते. कोयलीसारख्या ठिकाणी ज्या मुलांची शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाची आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर लिखित मराठी फार थोड्या निमित्तांनी येते. मंडळाचा अर्ज हे त्यांपैकी एक. घरात आजी ‘आपली जन्मतारीख’ म्हणते आणि पडदा ‘आपले जन्मतारीख’ म्हणतो, तेव्हा मूल पडद्याला प्रमाण मानण्याची शक्यता अधिक. शिवाय साच्यातील चूक एका पानापुरती राहत नाही. तो बोलावणाऱ्या प्रत्येक पानावर ती उमटते.

म्हणून प्रोग्रामिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना मी एक सोपी कसोटी देतो. साचा पक्का करण्यापूर्वी त्यात चार शब्द घालून वाक्य मोठ्याने वाचावे : पत्ता, जन्मतारीख, नाव, कागदपत्रे. तिन्ही लिंगे आणि अनेकवचन यांत येतात. चारही वेळा वाक्य जिभेला अडखळले नाही, तर तो साचा मराठीत चालेल.