बघा, माझं ऐकतो!

लॅब्रडॉर आठ महिन्यांचा झाला की घरात काय काय होतं, याची यादी मी देत नाही. ज्यांच्याकडे तो आहे त्यांना ती पाठ असते आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना ती विनोदी वाटते. मला बोलायचं आहे ते एका वाक्याबद्दल. घरी शिकवायला येणारा माणूस पट्टा हातात घेतो, एकदाच ‘सिट’ म्हणतो, कुत्रा मुकाट बसतो, आणि मग ते वाक्य येतं : “बघा, माझं ऐकतो. तुम्ही लाडावून ठेवलाय.” मालक मान खाली घालतो आणि तीन महिन्यांच्या पॅकेजचे पैसे आगाऊ देऊन टाकतो. शिकवणाऱ्यांचंच कशाला, सोसायटीतले काका, वरच्या मजल्यावरच्या काकू, दिवाळीला आलेला भाचा, सगळे हाच प्रयोग करून दाखवतात आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच हसू असतं. पिकतं तिथे विकत नाही, अशी आपली समजूत घालून घ्यायची. माझं म्हणणं असं, की या प्रयोगातून मालकाचा दोष सिद्ध होतच नाही. कुत्रा परक्याचं ऐकतो आणि तुमचं नाही, ही त्या वयाची खूण आहे. मला हे उशिरा कळलं आणि तोवर दिलेले पैसे काही परत येणार नाहीत, तेव्हा सूर कुठे कडवट लागला तर चालवून घ्या.

हे माझ्या मनाचं नाही. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या लुसी ॲशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. अंधांचे मदतनीस म्हणून वाढवल्या जाणाऱ्या ६९ कुत्र्यांची त्यांनी दोनदा परीक्षा घेतली : पाच महिन्यांचे असताना, म्हणजे वयात येण्याआधी, आणि आठ महिन्यांचे असताना, म्हणजे ऐन धुमाळीत. परीक्षा साधी होती, ‘सिट’ म्हटल्यावर बसतो का? एकदा सांभाळणाऱ्या माणसाने सांगायचं, एकदा अनोळखी माणसाने. आठव्या महिन्यात सांभाळणाऱ्याला तोच शब्द पुन्हा पुन्हा सांगायची वेळ जास्त आली. अनोळखी माणसाच्या बाबतीत मात्र तेच कुत्रे त्याच वयात आधीपेक्षा सुधारले होते. याशिवाय २८५ कुत्र्यांबद्दल प्रश्नावली भरून घेतली, तिथेही तोच प्रकार. घरच्यांनी लिहिलं, पाचव्या महिन्यापेक्षा आठव्या महिन्यात शिकवणं अवघड झालं. ज्यांच्याकडे कुत्रा राहत नव्हता त्या प्रशिक्षकांनी लिहिलं, कुत्रा शिकायला आणखी तयार झाला. दोघेही खरंच सांगत होते! कुत्रा एकच होता, पण घरच्यांसमोर वेगळा आणि बाहेरच्यांसमोर वेगळा. हे वाचताना मला शिकवणाऱ्याचं ते हसू आठवलं आणि पहिल्यांदा त्याची कीव आली. आपल्या कौशल्याचा म्हणून तो जो पुरावा देत होता, तो कुत्र्याच्या वयाचा दाखला होता.

यावर लगेच येणारा आक्षेप मला ठाऊक आहे : मालक खरोखरच ढिला असेल तर? असू शकतो. पण ढिला मालक पाचव्या महिन्यातही ढिलाच होता ना? तेव्हा तोच कुत्रा त्याच माणसाच्या शब्दाला बसत होता. माणूस बदलला नाही, घर बदललं नाही, बदललं ते वय. दुसरं म्हणणं असं, की परक्याचं नवल वाटतं म्हणून कुत्रा ऐकतो. नवल पाचव्या महिन्यातही होतं आणि तेव्हा उत्तर आठव्यापेक्षा कच्चं होतं, तेव्हा नुसत्या नवलाने भागत नाही. तिसरं म्हणणं जरा वजनदार आहे : हे कुत्रे लॅब्रडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड आणि त्यांचे संकर होते, निवडून वाढवलेले, परदेशातले. मान्य. रस्त्यावरून उचलून आणलेल्या आपल्या देशी कुत्र्याला हे वेळापत्रक महिन्या-महिन्याने लागू करू नये. पण पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये लॅब्रडॉर आणि गोल्डन काय कमी आहेत?

आता त्या वाक्याच्या पोटात दडलेला सल्ला बघू : “तुम्ही अल्फा व्हा.” म्हणजे कळपाचे म्होरके : आधी तुम्ही जेवा, दारातून आधी तुम्ही जा, नाही ऐकलं तर चोक चेनला हिसका द्या. या अल्फाचं मूळ कोंडलेल्या लांडग्यांत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यातल्या लांडग्यांच्या मारामाऱ्या पाहून १९४७ मध्ये त्यावर लिहिलं. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने तो शब्द जगभर नेला आणि १९९९ मध्ये त्याच मीच यांनी रानातल्या लांडग्यांवरचा लेख लिहून तो मोडीत काढला : रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, तिथे गादीसाठी कोणी लढत नसतं. लेखकाने स्वतः मागे घेतलेली गोष्ट आपल्याकडे अजून घरपोच विकली जाते. हिसक्याचं म्हणाल, तर २०२० मध्येच पोर्तुगालमधल्या प्रशिक्षण वर्गांतल्या ९२ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धाकाने शिकवणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसॉलही जास्त वाढलं. हे न्यूकॅसलच्या निष्कर्षाशेजारी ठेवून वाचा. तिथे असंही दिसलं, की ज्या कुत्र्यांना मालकापासून दूर झालं की जास्त घोर लागतो, तेच या वयात मालकाचं कमी ऐकतात. आधीच धास्तावलेल्या जिवाला मालकानेच हिसके द्यायचे, हा उपाय कोणत्या हिशेबात बसतो? “आमच्या वेळी छडीनेच सरळ झालो” म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ते कुत्र्याबद्दल बोलतच नसतात.

मग हातावर हात ठेवून बसायचं? अजिबात नाही. तीस किलोचा कुत्रा एखाद्या आजींना जिन्यात पाडू शकतो आणि आजींना ‘बायॉलॉजी लेटर्स’शी देणंघेणं नसतं. पण काम कुत्र्याची रग जिरवण्याचं नाही, त्याला चुकायला कमी जागा ठेवण्याचं आहे. सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे आठ-दहा मीटरची नायलॉनची दोरी. ती गळ्यातल्या पट्ट्याला बांधायची नाही, छातीच्या हार्नेसला बांधायची, आणि हाताला गुंडाळायची तर मुळीच नाही, बोटं मोडतात. मोकळ्या मैदानात दोरी जमिनीवर घसटत राहू द्या. बोलावल्यावर तो येणार नाही अशी खात्री असेल, समोर मांजर असेल, तर बोलावूच नका, दोरी धरून जवळ जा. न पाळलेला प्रत्येक हुकूम त्याला एवढंच शिकवतो, की हा शब्द ऐकून सोडून द्यायचा असतो. म्हणून एकदाच सांगा.

शब्दाचं मात्र आपल्या घरांत खरोखर हसं होतं. मराठी घरात कुत्र्याशी इंग्रजी बोलतात म्हणून लोक टिंगल करतात, पण ‘सिट’पुरतं ते शहाणपणाचं आहे. ‘बस’ हा शब्द आपण दिवसभर वापरतो : पाहुण्याला “बस ना”, भाजी वाढताना “बस, बस”, मुलांना “आता बस झालं”. यातला आपल्यासाठीचा कोणता, हे कुत्र्याने कसं ओळखायचं? बोलावण्याचा गोंधळ तर विचारू नका. एक जण ‘कम’ म्हणतो, दुसरा ‘इकडे ये’, आजी ‘ये रे बाळा’, आणि संतापलेले वडील नुसतं नाव घेऊन ओरडतात. घरात एक शब्द ठरवा. तो वापरून वापरून बोथट झाला असेल तर नवा घ्या. आणि तो शब्द आंघोळ, नखं कापणं किंवा खेळ थांबवून घरी नेणं यासाठी कधीही वापरू नका. दहा वेळा बोलावलंत तर नऊ वेळा उकडलेल्या चिकनचा नाहीतर पनीरचा तुकडा देऊन परत खेळायला सोडा. घरी न्यायचंच असेल तर काही न बोलता जाऊन पट्टा अडकवा. एवढी एक गोष्ट पाळलीत तरी पॅकेजचे पैसे वाचतील.

बाकीचं नेहमीचंच. शिकवणी पाच मिनिटांपेक्षा जास्त नको, झोप भरपूर हवी, फिरायला नेल्यावर हुंगायला वेळ द्यावा, उन्हाळ्यात डांबर तापायच्या आत परतावं, संयम ठेवावा (हे सांगणं सोपं आहे). एक गोष्ट मात्र शिकवणारे क्वचितच विचारतात : कुत्र्याला काही दुखत तर नाही ना? लॅब्रडॉरला कानाचे संसर्ग सहज होतात आणि खुब्याच्या सांध्याचा दोषही या जातीत बराच आढळतो. खुबा दुखणारा कुत्रा ‘सिट’ला टाळाटाळ करणारच. आधी डॉक्टर, मग शिस्त. नसबंदीने डोकं ठिकाणावर येतं म्हणून ती घाईने उरकू नका. मोठ्या जातींत ती फार लवकर केली तर सांध्यांच्या तक्रारी वाढल्याचं दिसलं आहे, वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि कुत्र्याला महिनाभर दुसरीकडे ठेवून ‘तयार’ करून आणण्याच्या फंदात पडू नका. तो तिथल्या माणसाचं ऐकायला शिकून येतो.

ॲशर यांच्या अभ्यासात कुत्रे बारा महिन्यांचे झाल्यावर घरच्यांनीच त्यांना पुन्हा चांगले गुण दिले. मोठ्या जातींना थोडा जास्त काळ धरा. या काळात शिकवणारा ठेवायचाच असेल तर जरूर ठेवा, सगळेच वाईट नसतात. चांगला माणूस पट्टा स्वतःकडे घेत नाही, तुमच्या हातात देतो आणि तुमची चूक तुम्हाला दाखवतो. पण कोणी पहिल्याच दिवशी “बघा, माझं ऐकतो” म्हणालं, तर पैसे देण्याआधी एक प्रश्न विचारा : तुमच्या स्वतःच्या घरचा कुत्रा आठ महिन्यांचा होता, तेव्हा तो कोणाचं ऐकत होता?