लाल वहीचे गुरुजी

आपल्याकडे एक गोष्ट नेहमी घडते. गावात एखादा म्हातारा जाणकार असतो. कोणाला बैलाची पारख असते. कोणाला झाडपाल्याची औषधे ठाऊक असतात. तो माणूस एक दिवस जातो आणि त्याच्याबरोबर त्याची विद्याही जाते. मग लोक हळहळतात. म्हणतात, "अरे, विचारून घ्यायला हवं होतं!"

या पाठात आम्ही तुम्हांला अशा एका माणसाची हकिकत सांगणार आहोत, की ज्याने आपली विद्या रोज थोडी थोडी लिहून ठेवली. त्यांचे नाव हार्वी पेनिक. ते अमेरिकेतले. टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरी ते राहत. ते गोल्फ नावाचा खेळ शिकवत.

गोल्फ म्हणजे काय?

आधी हा खेळ कसा असतो ते पाहू. हिरवळीचे एक खूप मोठे मैदान असते. त्यात दूर दूर अठरा लहान खळगे केलेले असतात. आपली मुले गोट्यांसाठी गल करतात ना, तसेच. एक लहान, कठीण चेंडू असतो. लांब काठीने टोले मारत तो चेंडू एकेका खळग्यात घालायचा. ज्याला सर्वांत कमी टोले लागतील तो जिंकला.

ऐकायला सोपे वाटते, पण खेळायला फार अवघड. काठी जरा तिरकी लागली की चेंडू भलतीकडेच जातो.

खेळणाऱ्याजवळ काठ्यांची जड थैली असते. ती वाहणाऱ्याला कॅडी म्हणतात.

थैली वाहणारा मुलगा

पेनिक यांचा जन्म 1904 साली झाला. आठ वर्षांचे असताना ते ऑस्टिनच्या एका क्लबात कॅडी म्हणून जाऊ लागले. दुसऱ्यांच्या थैल्या वाहायच्या आणि त्यांचा खेळ पाहायचा. पाहता पाहता पोरगा शिकला. 1923 साली, वयाची विशी गाठण्यापूर्वीच, तो त्याच क्लबात मुख्य शिक्षक झाला. जिथे थैली वाहिली, तिथेच गुरुजी झाला!

त्या वेळी पेनिक स्वतःही बक्षिसाच्या सामन्यांत खेळत. मोठा खेळाडू होण्याची आशा त्यांनाही होती. पुढे ह्यूस्टन शहरी एका सामन्याच्या वेळी त्यांनी सॅम स्नीड नावाच्या तरुण खेळाडूचा टोला पाहिला. असा टोला आपल्या हातून कधीच बसणार नाही, हे त्यांनी तिथेच ओळखले. आपली खरी जागा शिकवण्यात आहे, असे त्यांनी मनाशी ठरवले.

मंडळी, हे सोपे नसते बरं का! दुसऱ्याचे मोठेपण पाहून कोणी जळफळतो, कोणी खचून हात गाळून बसतो. पेनिक यांनी यातले काहीच केले नाही. ते शिकवण्याच्या कामाला लागले. 1931 ते 1963 पर्यंत त्यांनी टेक्सास विद्यापीठाच्या मुलांनाही शिकवले.

शिकवण्याची रीत

त्यांची रीत साधी होती. ते मोठमोठे शब्द वापरत नसत. काठी कशी फिरवावी? लांब दांड्याच्या हत्याराने गवत कापतो तशी. घरचीच कामे सांगितली की शिकणाऱ्याला चटकन समजे.

नवा विद्यार्थी आला की लांब टोले मारायला पाहतो. पेनिक म्हणत, आधी खळग्याजवळचा हलका टोला शिका. तो साधला की एकेक पाऊल मागे सरका. घराचा पाया आधी आणि कळस मागाहून, तसेच हे.

आणि ते एका वेळी थोडेच सांगत. अति तेथे माती, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

त्यांच्याकडे दोन मुले शिकत होती. एकाचे नाव बेन क्रेनशॉ, दुसऱ्याचे टॉम काइट. बेनच्या हातातच खेळ होता. टॉम मेहनती, तासन् तास सराव करणारा. एकाला शिकवताना पेनिक दुसऱ्याला तिथे उभे राहू देत नसत. कारण काय? एकाला दिलेले औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. दुसऱ्याचे पाहून आपला चांगला हात बिघडायचा! पुढे 1972 साली विद्यापीठांच्या अखिल अमेरिकन सामन्यात हे दोघे बरोबरीने पहिले आले.

मुलीही त्यांच्याकडे शिकत. कॅथी व्हिटवर्थ ही शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातली मुलगी. तिच्या गावच्या शिक्षकाने स्वतःच तिला पेनिक यांच्याकडे पाठवले. तो शिक्षकही मोठ्या मनाचा म्हटला पाहिजे. शेकडो मैलांचा प्रवास करून ती आपल्या आईबरोबर ऑस्टिनला येई. पुढे तिने स्त्रियांचे 88 सामने जिंकले.

लाल वही

पेनिक यांच्याजवळ लाल पुठ्ठ्याची एक वही होती. साधी, शाळेच्या मुलांची असते तशी. शिकवताना जे दिसे, जे पटे, ते ते तिच्यात लिहीत. कोणाचा टोला का चुकला? काय सांगितल्यावर सुधारला? असे त्यांनी सुमारे साठ वर्षे लिहिले.

ही वही ते कुलपात ठेवत. आपला मुलगा टिन्सली याच्याशिवाय कोणाला दाखवत नसत. टिन्सलीही त्याच क्लबात शिक्षक झाला होता. वही त्याला द्यायची, असा त्यांचा बेत होता.

पण म्हातारपणी त्यांच्या मनात वेगळा विचार आला. आयुष्यभर जे शिकलो, ते घरातच का ठेवायचे? 1991 साली त्यांनी बड श्रेक नावाच्या ओळखीच्या लेखकाला ती वही दाखवली आणि विचारले, याचे पुस्तक होईल का?

छापणाऱ्यांनी पुस्तक घेतले आणि मोठी रक्कम देऊ केली. पेनिक यांना मात्र वाटले, की ही रक्कम आपणच भरायची आहे! एवढे पैसे आपल्याकडे कुठले, या काळजीत ते पडले. पैसे आपल्याला मिळणार आहेत, हे त्यांना समजावून सांगावे लागले. इतका हा साधा माणूस!

1992 साली पुस्तक निघाले. तेव्हा त्यांचे वय 87 होते. त्या पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. ऑस्टिन कधी न पाहिलेले लोकही त्यांचे विद्यार्थी झाले.

शेवटचा धडा

1995 च्या मार्च महिन्यात पेनिक अंथरुणाला खिळले होते. बेन क्रेनशॉ त्यांना भेटायला आला. तो आता 43 वर्षांचा नामांकित खेळाडू होता, पण त्याचे हलके टोले चुकत होते. गुरुजींनी पडल्या पडल्याच त्याला काठी आणायला लावली आणि धडा दिला. काय सांगितले? दोनदा काठी हवेत फिरवून बघ आणि मग स्वतःवर भरवसा ठेवून टोला मार. एवढेच!

2 एप्रिलला पेनिक वारले. त्याच आठवड्यात ऑगस्टा येथे मास्टर्स नावाचा मोठा सामना होता. सामना दुसऱ्या दिवसावर आला असताना बेन आणि टॉम विमानाने ऑस्टिनला आले. त्यांनी गुरुजींच्या शवपेटीला खांदा दिला आणि ते परत गेले. 9 एप्रिलला बेनने तो सामना एका टोल्याने जिंकला. शेवटचा चेंडू खळग्यात पडला तसा तो तिथेच ओणवा झाला आणि रडू लागला. त्याच्या मागोमाग दुसरा आला डेव्हिस लव्ह. त्याचे वडीलही पेनिक यांच्याच हाताखाली शिकलेले!

आता तुम्हांलाही लिहिता येते. शेत, जनावर, सुतारकी, शिवण, स्वैपाक, जे तुम्हांला येते ते थोडे थोडे वहीत उतरवा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. पण ती वही कुलपात ठेवू नका.

विचार करा

1. पेनिक यांनी मोठा खेळाडू होण्याची आशा का सोडली?
2. एकाला शिकवताना ते दुसऱ्याला उभे का राहू देत नसत?
3. तुमच्या गावात अशी कोणती विद्या आहे, जी अजून कोणी लिहून ठेवलेली नाही? ती कोणाला विचाराल?